सात मिनिटांची बॅच

माणसाने जन्मभर रांधावं आणि जेवणाऱ्यांना तोंडच नसावं, अशी नोकरी याच्या वाट्याला आली होती. ती त्याने एकतीस वर्षं केली आणि वर मिरवली. मातीतल्या जंतूंवर काम करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत लहानथोर सगळे त्याला आचारी म्हणत, आणि काम पाहिलं तर नाव काही चुकीचं नव्हतं. सकाळी आठला यायचं, तराजूवर स्टार्च, मीठ, आणखी दोन-चार पावडरी आणि पाणी घट्ट जमवणारं अगार मोजायचं, पाण्यात कालवून चंबूत भरायचं, चंबूला कापसाचं बूच मारायचं आणि कमरेएवढ्या स्टीलच्या कुकरात दाबाखाली वीस मिनिटं शिजवायचं. शिजलेलं कोमट झालं की काचेच्या चपट्या प्लेटांत ओतायचं. घट्ट थर जमला की पान तयार. मग शिकलेली मंडळी त्यावर जंतू सोडणार आणि जंतू खाऊन-पिऊन वाढणार.

वीस मिनिटं म्हणजे वीस. पावडरींत झोपलेले जंतू असतात, त्यांचं कवच जाड असतं, वीस मिनिटांच्या आत ते मरत नाहीत, हे तो नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. कुणी घाई केली की विचारायचा, तुमच्या घरी कच्चं खातात का? रजिस्टरात रोजची ओळ ठरलेली: तारीख, बॅच, मिनिटं वीस, सही. एकतीस वर्षांत त्याची एकही बॅच नासली नव्हती आणि ही गोष्ट त्याने कुणाला विसरू दिली नव्हती. दोन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. मोठ्या सरांनी निरोपाच्या पत्राचा मसुदा त्याला आधीच वाचून दाखवला होता आणि त्यात 'एकही बॅच खराब नाही' असं वाक्य होतं. गडी ते वाक्य जिना चढता-उतरताना पुटपुटायचा, खोटं कशाला सांगू.

आता मातीवालीचं सांगतो. ही तिथे संशोधन करणारी तरुण मुलगी. कुठेही जाईल तिथून पिशवीत मूठभर माती घेऊन येणार, म्हणून मातीवाली. बाकीचे आचाऱ्याला नुसतं काम सांगायचे, ही समजावून सांगायची. चिमूटभर मातीत शहरात माणसं नसतील एवढे जंतू असतात, म्हणाली होती. जागा थोडी, खाणं थोडं, मग जो तो शेजाऱ्याला हाकलायला बघतो. त्यातली एक जात खडूच्या पुडीसारखी पांढरी वाढते, ओल्या मातीचा वास येतो तो तिच्यामुळेच. ही जात आपल्याभोवती विष सोडते. शेजारचा जंतू त्या हद्दीत आला की विरघळून जातो आणि खडूच्या ठिपक्याभोवती काचेसारखं स्वच्छ कडं उमटतं. आपण डॉक्टरकडून आणतो त्यांतल्या कितीतरी औषधांची सुरुवात असल्याच कड्यांतून झालेली आहे. आचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हणजे शेजाऱ्यांचं भांडण बाटलीत भरून आपण विकतो होय. मातीवाली पोट धरून हसली होती.

पाच महिन्यांपूर्वी तिच्या एका प्लेटवर असं कडं उमटलं. लहानसहान नव्हे, बोटाच्या पेराएवढं रुंद. मोठे सर स्वतः खाली येऊन बघून गेले, फोटो निघाला, मोठा करून भिंतीवर लागला, शास्त्रज्ञांच्या परिषदेला कळवलं गेलं. मातीवालीने तो खडूचा ठिपका उचलून नव्या, स्वच्छ प्लेटांवर एकटा वाढवला. तिथपासून ग्रह फिरले. ठिपका वाढायचा छान, पण विष म्हणून सोडेना. प्रयोगशाळेतले नेहमीचे जंतू त्याच्या उशाशी नेऊन ठेवले तरी त्यांच्या केसालाही धक्का नाही. तिने खाणं बदललं, ऊब बदलली, त्याच जागची माती पुन्हा आणली. काही नाही. पहिली प्लेट तर केव्हाच गेली होती. वापरलेल्या प्लेटा शिजवून, मारून, धुऊन टाकायच्या हे काम आचाऱ्याचंच. त्यानेच तीही शिजवली होती, चांगली चाळीस मिनिटं.

मग कुजबुज सुरू झाली. कडं खरंच होतं की फोटोत काढलं? मातीवाली वाळायला लागली. पूर्वी ती शिट्टी वाजवत प्लेटा न्यायला यायची, आता दारात उभी राहून नुसता हात पुढे करायची. शेवटी मोठ्या सरांनी तिला बोलावून सांगितलं की पुढच्या गुरुवारी अकरा वाजता समिती बसेल. तोवर कडं पुन्हा दाखवता आलं नाही तर निष्कर्ष खोटा धरला जाईल आणि तिचं नाव संशोधकांच्या यादीतून जाईल. एकदा खोटेपणाचा शिक्का बसला की दुसरी कुठली प्रयोगशाळा तिला दारात उभं करणार नव्हती. हे आचाऱ्याला मंगळवारी कळलं, धुवायच्या प्लेटा गोळा करताना, तिच्याच तोंडून. सांगताना ती रडली नाही. फक्त टेबलावरचं पेन उगाच सरळ करत राहिली.

त्याला फार वाईट वाटलं. आणि धीराचं काहीतरी बोलावं म्हणून तो भिंतीवरच्या त्या फोटोकडे वळला.

फोटो त्याने शंभरदा पाहिला असेल, पण कडं पाहिलं होतं, कडेची तारीख पाहिली नव्हती. प्लेटच्या काठावर बॅचची तारीख असते, आचाऱ्याच्या हातची. ती त्याने वाचली, मग जवळ जाऊन पुन्हा वाचली. त्या तारखेला त्याला नात झाली होती.

तो दिवस त्याला मिनिटामिनिटाने आठवत होता. दुपारी चारला बायकोचा फोन आला की लेकीला आत घेतलंय, अडलीय, ताबडतोब ये. कुकर नुकता दाबावर आला होता. मातीवालीला त्याच संध्याकाळी चाळीस प्लेटा हव्या होत्या, माती खराब होत होती. बॅच अर्धवट टाकून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. म्हणून जे कुणाला दिसत नाही तिथे त्याने काटछाट केली. सातव्या मिनिटाला वाफ सोडली, हात भाजत प्लेटा ओतल्या, रजिस्टरात सवयीने वीस लिहिलं, सही केली आणि धावत सुटला. दुसऱ्या दिवशी येऊन सगळ्या फेकून देऊ असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी हातात नात होती, तिसऱ्या दिवशी प्लेटा वापरून झाल्या होत्या, कुणी तक्रार केली नाही आणि आठवड्याने तर त्याच प्लेटांतल्या एकीवर कडं उमटलं. मग कशाला बोलायचं?

शास्त्र त्याला येत नव्हतं, पण कच्चं काय आणि शिजलेलं काय हे येत होतं. त्या फोटोत खडूच्या ठिपक्याशेजारी दुधट ठिपके होते. मातीवाली समजत होती की ते मातीतलेच. ते मातीतले नव्हते. ते त्याच्या पावडरीतले, सात मिनिटांत न मेलेले. पांढऱ्याने विष सोडलं ते ह्या घुसखोरांवर. पुढे त्याने वीस-वीस मिनिटं शिजवून इतकी स्वच्छ पानं वाढली की भांडायला कुणी उरलंच नाही, मग विष कशाला सोडायचं?

मंगळवार गेला, बुधवार गेला. दोन दिवस तो गप्प राहिला, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो स्वतःला सांगत होता. आपला अंदाजच चुकला असेल तर? हात दाखवून अवलक्षण. दोन महिने राहिलेत, पत्र लिहून तयार आहे. आणि बरोबर असेल तर मग एकतीस वर्षांच्या सगळ्याच ओळींवर लोक बोट ठेवणार, म्हणणार एकदा खोटं लिहिलं तो शंभरदा लिहीत असेल. जेवण जाईना. कुकरापुढे उभा राहिला की काटा सातवर आला तरी त्याला घाम फुटायचा.

बुधवारी संध्याकाळी बायकोने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, दोन दिवस बघतेय, नातीलाही हातात घेत नाहीस, काय पाप केलंस ते एकदा बोलून टाक. लग्नाला पस्तीस वर्षं झालेली बाई, तिला काय लपणार. त्याने सगळं सांगितलं. पोरीचं ऐकून तिचा चेहरा कडक झाला.

"तुझं पत्र तू भिंतीला लावशील," ती म्हणाली. "तिने काय लावायचं?"

तो म्हणाला, आता सांगून तरी काय होणार, तो स्टार्चचा डबा केव्हाच संपला. नवीन डब्यात तेच जंतू असतील कशावरून? बायको उठली, मागच्या गॅलरीत गेली आणि एक पत्र्याचा डबा आणून धाडकन समोर ठेवला. रिकामे डबे आचाऱ्याने घरी न्यायचे ही त्या प्रयोगशाळेतली जुनी रीत होती. याच डब्यात ती पाच महिने कपड्यांचे चिमटे ठेवत होती. डबा घासत का नाहीस म्हणून त्याने तिला दहादा टोकलं होतं, आणि चिमट्यांना कसला आलाय घासलेला डबा, असं तिने दहादा सुनावलं होतं. त्याने चिमटे ओतले, डबा उजेडात धरला. तळाच्या सांध्यात पांढरी पावडर अजून बसलेली होती. नखाएवढी. बायकोच्या आळसाचे त्याने मनातल्या मनात पाय धरले. तोंडाने मात्र काही बोलला नाही, तेवढा मान त्याने राखला.

गुरुवारी सकाळी आठला त्याने मातीवालीला गाठलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ती आनंदेल, निदान सुस्कारा सोडेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ती आधी पांढरी पडली आणि मग लाल झाली.

"पाच महिने, काका," ती म्हणाली. "पाच महिने मी स्वतःला वेडी समजत होते."

त्याने मान खाली घातली. ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि तिथूनच तिने कोरडेपणाने विचारलं की डबा कुठे आहे. हिशेब सरळ होता. खडूवाल्याला वाढायला आणि विष सोडायला सात दिवस लागतात, आणि समितीला बरोबर सात दिवस राहिले होते. त्याने ते दोन दिवस गप्प राहून घालवले नसते तर एखादी चूक सुधारायला वेळ उरला असता. हे दोघांनाही समजत होतं.

सांध्यातली पावडर ब्रशने झाडून घेतली. ती भरली पाच प्लेटांपुरती. कुकर दाबावर आला तसा आचारी घड्याळाकडे बघत उभा राहिला. पाच मिनिटं, सहा, सात. त्याचा हात वाफेच्या चावीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. एकतीस वर्षांची सवय अशी मनगटात बसलेली असते. मातीवाली मागून शांतपणे म्हणाली, काका, सात झाली. त्याने डोळे मिटून वाफ सोडली. मग पाच प्लेटा ओतल्या आणि मातीवालीने जपून ठेवलेला खडूवाला त्यांवर पेरला. उबेच्या कपाटाचं दार लागलं आणि दोघांचाही जीव टांगणीला लागला.

तिसऱ्या दिवशी दुधट ठिपके उगवले. आचारी हरखला, म्हणजे डब्यातले जिवंत होते तर. चौथ्या दिवशी खडूचे ठिपके दिसू लागले. पाचव्या दिवशी दोन्ही वाढले आणि शेजारी-शेजारी गुण्यागोविंदाने नांदत बसले. असल्या शहाण्या शेजाऱ्यांचा त्याला एवढा संताप आला होता की तो कपाटापुढे पुटपुटला, अरे भांडा की. सहाव्या दिवशीही तेच. मातीवाली आता त्याच्याशी बोलत होती, पण कामापुरतं. बुधवारी जाताना तिने आपलं टेबल आवरलं, खणातली मातीची पाकिटं एका खोक्यात भरली. ते बघून आचारी तोंड फिरवून कुकर पुसत बसला, तो आधीच स्वच्छ होता.

गुरुवारी सकाळी आठला तिने पाचही प्लेटा काढून टेबलावर ठेवल्या, वाकून एकेक पाहिली आणि परत आत ठेवल्या. नाही, एवढंच म्हणाली. अकराला जिना चढून वर गेली. आचाऱ्याने तिला विचारलं होतं की मी येऊन सात मिनिटांचं सांगू का, तर म्हणाली, कड्याशिवाय नुसतं सांगून काय होणार, दोघांचंही नाव खराब होईल. वर्षभर ज्या पोरीला आपण भाबडी समजत होतो ती अशा वेळीही आपल्याला वाचवायला बघते, हे त्याला सहन होईना.

सव्वाअकरा वाजले. करायला काही नव्हतं म्हणून त्याने प्लेटा पुन्हा बाहेर काढल्या. मातीवालीने त्या पाहिल्या होत्या टेबलावर ठेवून, वरून, डोळ्यांत पाणी घेऊन. आचाऱ्याची बघायची पद्धत वेगळी होती. ओतलेला थर स्वच्छ आहे की गढूळ हे तपासायला तो प्लेट खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरायचा, आजवर लाखभर प्लेटा त्याने तशाच पाहिल्या असतील. पहिली धरली, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. या तिन्हींत दुधट ठिपके खडूवाल्यापासून लांब होते. चौथीत एक दुधट ठिपका खडूवाल्याच्या अगदी अंगाला येऊन भिडला होता. त्याने ती तिरकी केली.

दोघांच्या मध्ये चंद्रकोरीसारखी पट्टी होती. काचेसारखी स्वच्छ. दुधट ठिपक्याची त्या बाजूची कड खाल्ल्यासारखी झाली होती, विरत चालली होती. त्याने प्लेट फिरवून पुन्हा पाहिली. पाचवीत बघितलं, तिथेही एका जागी तेच.

वरच्या मजल्याचा जिना बत्तीस पायऱ्यांचा. आचारी साठीला आलेला, हातात तान्ह्या बाळासारख्या जपायच्या दोन प्लेटा, धावताही येईना आणि थांबवेना. पायरीगणिक त्याला ते वाक्य आठवत होतं, 'एकही बॅच खराब नाही', आणि पायरीगणिक ते मागे पडत होतं असं काही म्हणता येणार नाही. ते शेवटच्या पायरीपर्यंत सोबत होतं. दार ढकलून तो आत गेला.

लांब टेबलामागे मोठे सर आणि आणखी तिघे बसले होते. समोर मातीवाली, हात मांडीवर. मोठ्या सरांनी भुवया चढवून त्याला बाहेर थांबायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही. प्लेटा खिडकीशी नेल्या, सरांना उठायला लावलं आणि तिरकं धरून दाखवलं. सर बराच वेळ बघत राहिले, मग बाकीचे तिघे उठले. एकाने खिशातून भिंग काढलं. मातीवाली खुर्चीवरून उठायचीच विसरली होती. सरांनी विचारलं की पाच महिने दिसलं नाही ते आजच कसं दिसलं.

"सात मिनिटं, सर," आचारी म्हणाला. "ती पहिली बॅच मी सातच मिनिटं शिजवली होती. रजिस्टरात वीस आहे, ते खोटं आहे. मी लिहिलंय."

मग भिंगवाले गृहस्थ हळूच म्हणाले की या पांढऱ्या जंतूला एकटं ठेवलं तर हा औषध बनवतच नाही, त्याला हाच विशिष्ट शत्रू शेजारी लागतो, आणि ही गोष्ट नुसत्या कड्यापेक्षा मोठी आहे. मातीवालीच्या नावाचा प्रश्न तिथेच संपला. आचाऱ्याचा संपला नाही. मोठे सर कडक माणूस होते आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की ज्याच्या नोंदीवर सगळी प्रयोगशाळा डोळे मिटून विश्वास ठेवते त्याने खोटी नोंद केली, तेव्हा उद्यापासून कुकरला हात लावायचा नाही. पत्रातलं ते वाक्यही काढावं लागेल. उरलेले दोन महिने भांडी धुवायची.

मातीवाली काहीतरी बोलायला गेली. आचाऱ्याने तिला हाताने थांबवलं. बरोबर आहे सर, म्हणाला आणि खाली आला.

खाली त्या दिवशीची बॅच कुकरात चढवायची राहिली होती. त्याने ती चढवली आणि वीस मिनिटं पूर्ण उभा राहिला. वाफ सोडली, ओळ लिहिली, सही केली. मग पाच महिने मागची पानं उलटत गेला. नातीच्या जन्मदिवसाची ओळ सापडायला वेळ लागला, कारण ती बाकीच्या ओळींसारखीच दिसत होती. त्याने वीसवर एक आडवी रेघ मारली, वर सात लिहिलं आणि शेजारी सही केली.

कुकराची किल्ली द्यायला तो वळला तर दारात मातीवाली उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. पुढे येऊन तिने रजिस्टर आपल्याकडे ओढलं. तिच्या शोधनिबंधात ती बॅच सात मिनिटांची होती याचा पुरावा म्हणून नोंदीचा फोटो लागणार होता. एकतीस वर्षांच्या त्या रजिस्टरांत खाडाखोड तेवढीच एक होती, आणि तिने फोटो काढला तो त्याच ओळीचा.